डीडब्ल्यूजी फाइल फक्त पाहण्यासाठी हलके, पण भरवशाचे सॉफ्टवेअर कोणते?

प्रश्न : मशीन शॉप, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे छोटे मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि गेल्या काही वर्षांपासून एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग मशीन), एवढाच पसारा आहे. वडिलांच्या काळात बहुतेक काम यंत्रमागाच्या सुट्या भागांचे असायचे आणि त्याला ड्रॉइंग म्हणून काही नसायचेच. कारखानदार झिजलेला गिअर किंवा तुटलेला ब्रॅकेट फडक्यात गुंडाळून आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि ‘असाच दुसरा करून द्या’ म्हणायचे. आता टॉवेलच्या रॅपियर मागाचे काम असो की पुण्याकडच्या ग्राहकाचे, सगळे ई-मेलवर डीडब्ल्यूजी फाइलमधून, म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमधून येते.

आम्ही स्वतः ड्रॉइंग काढत नाही. फाइल उघडावी, एखादा कोपरा मोठा करून पाहावा, नको असलेला लेयर (ड्रॉइंगचा एक थर) बंद करावा, एखादे अंतर मोजावे आणि ए३ कागदावर छापून ऑपरेटरच्या हाती द्यावे, एवढीच आमची गरज आहे. एवढ्यासाठी पूर्ण ऑटोकॅडचे वार्षिक शुल्क भरणे आम्हाला झेपणारे नाही आणि चोरीची प्रत मला वापरायची नाही. ऑफिसातला संगणक ४ जीबी रॅमचा, साध्या हार्ड डिस्कचा आणि विंडोज १० वर चालणारा आहे. म्हणून इंटरनेटवरून एक फुकट मिळणारे हलके व्ह्यूअर उतरवून घेतले. ते झटकन उघडायचे आणि दीड वर्ष त्यावर काम निभावले.

यंदा गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात मात्र घात झाला. २५ मिमी जाडीच्या २४ बेस प्लेटांचे काम होते आणि प्रत्येक प्लेटवर ६ छिद्रे होती. छापलेल्या कागदावर छिद्रांपाशी जी टीप होती, त्यात आकड्यांच्या मध्ये इंग्रजी अक्षरे होती : ‘एन ११ व्ही एन १८ एक्स ११’. ऑपरेटरने मला विचारले. निम्मी माणसे सुट्टीवर होती, मीही घाईत होतो. ११ चे ड्रिल आरपार मारायचे आहे आणि शेवटचा ‘एक्स ११’ म्हणजे ११ ठिकाणी, पण छिद्रे ६ च आहेत म्हणजे ग्राहकानेच आकडा चुकवला असेल, असे मी त्याला सांगितले. प्लेटा गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या. एम१० च्या अॅलन बोल्टची डोकी प्लेटच्या वर राहत होती, त्यामुळे वरचे कव्हर बसतच नव्हते. तिथे १८ मिमी व्यासाचा, ११ मिमी खोल काउंटरबोअर, म्हणजे बोल्टचे डोके आत बसावे म्हणून छिद्राच्या तोंडाशी केलेला रुंद खड्डा, हवा होता. काउंटरबोअर नंतरही मारता येतो म्हणून प्लेटा भंगारात गेल्या नाहीत, पण जाण्यायेण्याचे भाडे, तीन दिवस आणि ग्राहकापुढची पत गेली.

माझे दोन प्रश्न आहेत. ग्राहकाच्या पडद्यावर चिन्हे व्यवस्थित दिसतात, मग माझ्याकडे अक्षरे का दिसली? आणि माझ्या संगणकावर चालेल असे, पण ड्रॉइंग जसे आहे तसेच दाखवील असे कोणते सॉफ्टवेअर आहे?

उत्तर १ : ड्राफ्ट्समन, जुळे सोलापूर

नमस्कार साहेब. आपल्या पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचे उत्तर दडलेले आहे, म्हणून आधी तो घेतो.

डीडब्ल्यूजी फाइलमध्ये अक्षरांची आकृती साठवलेली नसते. कोणते अक्षर आहे आणि ते कोणत्या फॉन्टमध्ये दाखवायचे, एवढेच लिहिलेले असते. फॉन्टची फाइल स्वतंत्र असते आणि ती पाहणाऱ्याच्या संगणकावर असावी लागते. यांत्रिक ड्रॉइंगमधली चिन्हे दाखवण्यासाठी ऑटोकॅडमध्ये जीडीटी नावाचा एसएचएक्स फॉन्ट आहे (एसएचएक्स म्हणजे ऑटोकॅडचा स्वतःचा, रेघांनी बनलेला फॉन्ट). या फॉन्टमध्ये लहान ‘एन’ या अक्षराच्या जागी व्यासाचे चिन्ह काढलेले आहे, ‘व्ही’च्या जागी काउंटरबोअरचे, ‘डब्ल्यू’च्या जागी काउंटरसिंकचे (छिद्राच्या तोंडाशी उतरता, शंकूसारखा खड्डा) आणि ‘एक्स’च्या जागी खोलीचे. आपल्या व्ह्यूअरला हा फॉन्ट सापडला नाही, त्याने दुसरा एखादा साधा फॉन्ट लावला आणि चिन्हांच्या खालची मूळ अक्षरे उघडी पडली. आपली टीप आता वाचून पाहा : व्यास ११, काउंटरबोअर व्यास १८, खोली ११. त्यातले एकही अक्षर चुकलेले नव्हते. चांगला व्ह्यूअर अशा वेळी फॉन्ट सापडत नसल्याची सूचना देतो, आपल्या व्ह्यूअरने ती दिली नाही, आणि त्याचा खरा दोष माझ्या मते हाच आहे.

म्हणून माझा आग्रह असा की ग्राहकाचे ड्रॉइंग वाचण्यासाठी ऑटोडेस्कचे डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू वापरावे. ते फुकट आहे, ज्या कंपनीने हा फाइल प्रकार आणला तिचेच आहे, आणि त्यात लेयर बंद-चालू करणे, मोजणे, लेआउट (छपाईसाठी मांडलेले पान) पाहणे आणि प्रमाणात छापणे ही आपली चारही कामे होतात. त्यात बदल करता येत नाही, ही तर आपल्यासाठी सोयच आहे. चुकून एखादी रेघ सरकण्याची भीती नाही. त्याची अडचण एकच, ते अंगाने जड आहे. ते जवळपास ऑटोकॅडच्याच पायावर उभे असल्यामुळे ४ जीबी रॅम आणि साध्या हार्ड डिस्कवर उघडायला वेळ घेणार. सॉफ्टवेअर बदलत बसण्यापेक्षा संगणकात एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम बसवून घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. हा खर्च एका परत आलेल्या खेपेच्या भाड्याशी ताडून पाहावा.

आता आवृत्तीबद्दल, कारण ‘फाइल उघडत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. डीडब्ल्यूजी हे नाव एक असले तरी ऑटोकॅडने काही वर्षांच्या अंतराने त्याची आतली रचना बदललेली आहे. फाइल कोणत्या रचनेची आहे हे तिच्या पहिल्या सहा अक्षरांत लिहिलेले असते. फाइलची एक प्रत करून ती नोटपॅडमध्ये उघडली, तर पुढचा सगळा मजकूर अगम्य दिसेल, पण अगदी सुरुवातीला एसी१०३२ असे काहीतरी वाचता येईल. एसी१०१५ म्हणजे ऑटोकॅड २००० ची रचना, एसी१०१८ म्हणजे २००४ ची, एसी१०२१ म्हणजे २००७ ची, एसी१०२४ म्हणजे २०१० ची, एसी१०२७ म्हणजे २०१३ ची आणि एसी१०३२ म्हणजे २०१८ ची, जी त्यानंतरही चालू राहिली. व्ह्यूअर फाइलपेक्षा जुना असेल तर तो फाइल उघडणार नाही. अशा वेळी ग्राहकाला ‘२०१३ च्या रचनेत सेव्ह करून पाठवा’ असे नेमके सांगता येते. ट्रूव्ह्यूमध्येही फाइल जुन्या रचनेत बदलून घेण्याची सोय आहे.

आपल्याकडे एकदम पुष्कळ फाइली येत असतील तर ओपन डिझाइन अलायन्सचे ओडीए फाइल कन्व्हर्टर ठेवावे. ते फुकट आणि लहान आहे. ते ड्रॉइंग दाखवत नाही. एक फोल्डर द्यायचे, दुसरे फोल्डर दाखवायचे, हवी ती आवृत्ती निवडायची, की सगळ्या फाइली डीडब्ल्यूजीतून डीएक्सएफमध्ये (इतर सॉफ्टवेअरनाही वाचता येणारा ड्रॉइंगचा फाइल प्रकार) किंवा उलट बदलून मिळतात. डीएक्सएफ झाल्यावर ती फाइल लिब्रेकॅडमध्ये उघडता येते. लिब्रेकॅड मात्र आपल्याला हवे तसे खरोखर हलके आहे, मुक्तस्रोत आहे आणि आपल्या आजच्या संगणकावरही सहज चालेल.

आणखी एक सांगतो. ग्राहकाचे ड्रॉइंग कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवून पाहू नये. ऑटोडेस्कचे स्वतःचे ब्राउझरमधले व्ह्यूअर आहे आणि ते चांगले आहे, पण तिथेही फाइल आपल्या संगणकाबाहेर जातेच. ज्या ग्राहकाशी गुप्ततेचा करार आहे, त्याला विचारल्याशिवाय तेही करू नये.

उत्तर २ : आयटीआयमधील निदेशक, सोलापूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त लिब्रेकॅडबद्दल एक दुरुस्ती करणे आवश्यक वाटते, कारण प्रश्नकर्त्यांची अडचण नेमकी तिथेच पुन्हा उभी राहील.

लिब्रेकॅड एसएचएक्स किंवा विंडोजचे फॉन्ट वापरत नाही. त्याचे स्वतःचे एलएफएफ नावाचे फॉन्ट आहेत. त्यामुळे कन्व्हर्टरने फाइल कितीही नीट बदलली तरी जीडीटी फॉन्टमधली टीप लिब्रेकॅडमध्ये पुन्हा ‘एन’ आणि ‘व्ही’ अशीच दिसण्याची दाट शक्यता आहे. शिवाय ते केवळ द्विमितीय आहे, त्रिमितीय सॉलिड त्यात दिसत नाही. मी मुलांना लिब्रेकॅड आवर्जून शिकवतो, पण त्याची जागा वेगळी आहे. लेझर कटिंगसाठी जी डीएक्सएफ येते, तिच्यात नुसत्या रेघा, कमानी आणि वर्तुळे असतात, टीप नसते. ती उघडून बाह्यरेषा कुठे तुटलेली आहे का, एकावर एक दोन रेघा पडल्या आहेत का, एकूण लांबी ५०० आहे की इंच आणि मिलिमीटरच्या घोळात ती २५.४ पट झाली आहे, हे पाहण्यासाठी लिब्रेकॅडइतके सुटसुटीत साधन मला दुसरे माहीत नाही. वाचण्याचे ड्रॉइंग ट्रूव्ह्यूमध्ये आणि कापण्याची प्रोफाइल लिब्रेकॅडमध्ये, अशी विभागणी ठेवावी.

मोजण्याबद्दलही सावध राहावे. व्ह्यूअरमधले मोजण्याचे साधन रेघेची खरी लांबी सांगते, तर ड्रॉइंगवरचे माप हा पुष्कळदा हाताने बदललेला मजकूर असतो. ड्राफ्ट्समनने रेघ न हलवता १२० च्या जागी १२५ टाइप केलेले मी अनेकदा पाहिले आहे. दोन्ही जुळत नसतील तर स्वतः निर्णय न घेता ग्राहकाला फोन करावा आणि आलेले उत्तर लेखी मागून घ्यावे.

छापील कागदावर पट्टी ठेवून माप घेण्याची सवय ऑपरेटरांना असते, विशेषतः जुन्या माणसांना. ए१ आकाराचा कागद ८४१ बाय ५९४ मिमी असतो आणि ए३ हा ४२० बाय २९७ मिमी. म्हणजे ए१ साठी आखलेले ड्रॉइंग ए३ वर बसवले की प्रत्येक लांबी बरोबर निम्मी होते आणि शीर्षकात लिहिलेले १:१ हे प्रमाण त्या कागदापुरते खोटे ठरते. म्हणून ए३ प्रतीवर ‘मोजू नये, लिहिलेले माप घ्यावे’ असा शिक्का मारावा.

उत्तर ३ : स्थापत्य ड्राफ्ट्समन, विजापूर रोड, सोलापूर

मी वास्तुविशारदांच्या कार्यालयात काम करते. आमची ड्रॉइंगे वेगळी असली तरी दुखणे तेच आहे. बांधकाम परवानगीच्या नकाशांवर रस्तारुंदी, सामासिक अंतर, जोत्याची पातळी हे सगळे मराठीत असते. जुन्या नकाशांतला मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, म्हणजे फाइलच्या आत तो इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे म्हणूनच साठवलेला आहे आणि तो फॉन्ट असला तरच मराठी दिसतो. २००७ च्या रचनेपासून डीडब्ल्यूजीत युनिकोड आले, पण जुना मजकूर त्यामुळे आपोआप सुधारत नाही. एका प्लॉटवरची ‘जुनी विहीर’ ही टीप माझ्याकडे चार निरर्थक इंग्रजी अक्षरे होऊन आली होती. मी ती एखाद्या ब्लॉकचे नाव समजून त्या लेयरसकट बंद केली, आणि विहीर आहे हे जागेवर गेल्यावरच कळले. तेव्हापासून न समजणारे अक्षर दिसले की त्याचा फॉन्ट कोणता, हे मी आधी पाहते. फॉन्टची फाइल मागवून ड्रॉइंगच्याच फोल्डरमध्ये ठेवली तर ट्रूव्ह्यू एसएचएक्स फॉन्ट तिथून उचलतो. विंडोजचे फॉन्ट मात्र संगणकात रीतसर बसवावे लागतात.

दुसरी गोष्ट संदर्भ-फाइलींची, ज्यांना आम्ही एक्सरेफ म्हणतो. मुख्य ड्रॉइंग दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवत असते. पाठवणाऱ्याने एकच फाइल जोडली तर आपल्याकडे अर्धे ड्रॉइंग रिकामे दिसते आणि त्या जागी फक्त फाइलीचा पत्ता लिहिलेला उरतो. ऑटोकॅडमध्ये ईट्रान्समिट नावाची आज्ञा आहे. ती ड्रॉइंग, त्याच्या संदर्भ-फाइली, प्लॉट स्टाइल आणि फॉन्ट एकाच झिपमध्ये बांधून देते. प्रश्नकर्त्या दादांनी आपल्या ग्राहकाकडे हीच झिप मागावी. फॉन्ट सोबत घेण्याचा पर्याय तिथे वेगळा निवडावा लागतो, हे पाठवणाऱ्याला आठवणीने सांगावे.

तसेच ऑटोकॅड मेकॅनिकल किंवा सिव्हिल थ्रीडीमध्ये काढलेल्या काही खास वस्तू साध्या व्ह्यूअरमध्ये दिसतच नाहीत. न दिसणारी वस्तू ही चुकीच्या दिसणाऱ्या वस्तूपेक्षा घातक असते, कारण तिच्याबद्दल प्रश्नच पडत नाही. सिव्हिल थ्रीडी वापरणाऱ्याने ‘एक्सपोर्ट टू ऑटोकॅड’ या आज्ञेने साधी प्रत काढून दिली तर त्या वस्तू रेघा आणि मजकूर होऊन येतात.

मोजणीच्या नकाशांवर काम करणाऱ्या वाचकांसाठी एवढे जोडते. सोलापूर यूटीएमच्या, म्हणजे जमिनीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या, ४३ व्या पट्ट्यात येते आणि आपल्या शहराचा उत्तरेकडचा आकडा १९ लाख ५० हजार मीटरच्या आसपास असतो. नकाशा मिलिमीटरमध्ये असेल तर हाच आकडा दहा अंकी होतो. चित्र दाखवण्यासाठी सातच अंकांची अचूकता ठेवणाऱ्या हलक्या व्ह्यूअरमध्ये अशा नकाशातली वर्तुळे वाकडी दिसतात आणि जवळ जाऊन पाहिले की रेघा थरथरतात. तो नकाशाचा दोष नसतो.

उत्तर ४ : ड्राफ्ट्समन, जुळे सोलापूर

लिब्रेकॅडच्या फॉन्टबद्दलची निदेशकांची दुरुस्ती योग्य आहे, ती माझ्या लिहिण्यातून सुटली होती.

त्यावर उपाय म्हणून मी असे सुचवतो की प्रत्येक डीडब्ल्यूजीबरोबर त्याच ड्रॉइंगची पीडीएफ मागून घ्यावी आणि शॉपवर कागद नेहमी त्या पीडीएफवरूनच छापावा. ऑटोकॅडमधून पीडीएफ काढताना एसएचएक्स फॉन्टमधली अक्षरे रेघा बनून उमटतात, त्यामुळे पाहणाऱ्याकडे फॉन्ट असण्या-नसण्याचा प्रश्नच उरत नाही. ग्राहकाच्या पडद्यावर जे होते तेच आपल्या कागदावर येते. पीडीएफ पाहायला सुमात्रा पीडीएफ पुरेसे आहे. ते फुकट आहे आणि ४ जीबीच्या संगणकावर क्षणात उघडते. ग्राहक ऐकणारा असेल तर त्याला शीटच्या कोपऱ्यात नेमकी १०० मिमीची एक रेघ काढायला सांगावी. छापल्यावर तिच्यावर पट्टी ठेवली की कागद प्रमाणात आला की नाही ते कळते. डीडब्ल्यूजी मग मोजण्यापुरती आणि लेयर पाहण्यापुरती उघडायची.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ठरल्याप्रमाणे काय केले ते लिहितो.

नवी पेठेतून एसएसडी आणि ४ जीबी रॅम आणून बसवली आणि ट्रूव्ह्यू इन्स्टॉल केले. जुने व्ह्यूअर पाच सेकंदांत उघडायचे, ट्रूव्ह्यूला पाऊण मिनिट लागते. तेवढे थांबायला माझी हरकत नाही. सर्वांत आधी त्याच बेस प्लेटची फाइल उघडली. जिथे ‘व्ही’ छापून आला होता तिथे काउंटरबोअरचे चौकोनी कंसासारखे चिन्ह दिसले आणि शेवटच्या ‘एक्स’च्या जागी खाली जाणारा बाण. ऑपरेटरला बोलावून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. त्याने विचारले होते, मी त्याला चुकीचे सांगितले, हेही त्याच्यासमोर मान्य केले.

त्याच संध्याकाळी गेल्या वर्षभरातल्या ३१ फाइली पुन्हा तपासल्या. आणखी दोन ड्रॉइंगांत हीच अक्षरे सापडली. एकात व्यासाचे चिन्ह ‘एन’ झाले होते, पण छिद्र गोल असल्यामुळे काम बरोबर गेले होते. दुसऱ्यात काउंटरसिंकचा ‘डब्ल्यू’ होता, त्या कामाचे पहिले १० नग अजून माझ्याकडेच पडून होते. ते रोखले आणि आज काउंटरसिंक मारून घेतले.

ग्राहकाला फोन करून फॉन्टसह ईट्रान्समिटची झिप आणि पीडीएफ मागितली. त्यांच्या ड्रॉइंग विभागाने कुरकुर न करता दोन्ही पाठवले, आणि १०० मिमीची रेघ त्यांनी आपल्या शीटमध्ये कायमचीच घालतो म्हणून सांगितले. लेझर कटिंगच्या प्रोफाइलसाठी लिब्रेकॅडही टाकले आहे. चिंचोळीला पाठवायच्या एका डीएक्सएफमध्ये कोपऱ्यावर बाह्यरेषा ०.३ मिमीने उघडी होती, ती पाठवण्याआधीच सापडली.

एक शंका उरली आहे. ग्राहकाच्या झिपमध्ये सीटीबी नावाची फाइल आली आहे. ती ट्रूव्ह्यूमध्ये कुठे ठेवायची?

उत्तर ५ : स्थापत्य ड्राफ्ट्समन, विजापूर रोड

दादा, ती प्लॉट स्टाइलची फाइल आहे. कोणत्या रंगाची रेघ किती जाड छापायची हे तिच्यात असते. ट्रूव्ह्यूच्या ऑप्शन्समध्ये फाइल्स या भागात प्लॉट स्टाइलच्या फोल्डरचा पत्ता दिलेला असतो, त्या फोल्डरमध्ये ती ठेवावी आणि छापताना यादीतून निवडावी. ती निवडली नाही तर मध्यरेषा आणि बाह्यरेषा एकाच जाडीच्या छापल्या जाऊ शकतात.